बॅचच्या ग्रुपवर मित्रमैत्रिणींची खुशाली हरवू नये म्हणून

तीस-पस्तीस वर्षांनी बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप जमतो, लोक मनापासून आपली हकिगत लिहितात आणि दोन दिवसांत ती सुप्रभात-शुभेच्छांखाली गाडली जाते. उपाय सोपा आहे: प्रत्येक हकिगतीला एकच खूणशब्द लावा.

१. #खुशाली हा खूणशब्द आणि खाली दिलेल्या पहिल्या ओळीचा नमुना ग्रुपच्या वर्णनात टाका. पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, वर्णन कायम राहतं.

२. पहिली ओळ अशी: #खुशाली, नाव, कॉलेजातलं आडनाव, आताचं आडनाव, गाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी एरवी शोधून सापडतच नाहीत, म्हणून दोन्ही आडनावं हवीतच.

३. पुढे चार-पाच ओळी: काम की निवृत्ती, घरी कोण, सध्या कशात मन रमतंय.

४. वाचायचं असेल तेव्हा ग्रुपच्या शोधात खूणशब्द टाका. सगळ्या हकिगती एकामागून एक सापडतात.

खूणशब्द टाइप न करता कॉपी करा. एकाने ‘खुषाली’ लिहिलं की तो शोधातून गळलाच. व्हॉइस नोटमधलं बोलणंही शोधात येत नाही, त्यामुळे ती पाठवणाऱ्याने खाली पहिली ओळ तरी लिहावी. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (ठरावीक काळाने संदेश आपोआप पुसणारी सोय) बंद आहे ना, हे अॅडमिनने आधीच बघावं.

एक मात्र पाळा: कुणाच्या आजारपणाची किंवा निधनाची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.