नव्या बॅचपुढे उभं राहताना

सांगलीत विश्रामबागला मी अकाउंटिंगचा क्लास घेतो. पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना खडू दोनदा मोडला होता. आजही नवी बॅच म्हटलं की पोटात गोळा येतोच.

माझा उपाय सांगतो. पहिली पाच मिनिटं तोंडपाठ ठेवायची, बाकीचं मुद्द्यांवर. आणि सुरुवात प्रश्नाने करायची. मी विचारतो, "मार्केट यार्डातनं हळद पावडर घेतली, बिलात जीएसटी किती टक्के?" कुणी १२ म्हणतं, कुणी १८, पोरं आपसातच वाद घालायला लागतात. (५ आहे.) तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून हटतात, घोटभर पाणी पिता येतं.

दाराबाहेर चार मोजत श्वास घ्या, सात-आठ मोजत सोडा, पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. उपाशीपोटी चहावर चहा मात्र नको, धडधड आणखी वाढते.

पंधरा मिनिटं आधी पोचून प्रोजेक्टर लावून बघा. लवकर आलेल्या एखाद्याशी बोला, "कुठनं येतोस? तासगावहून? एसटी मिळाली का वेळेत?" पुढं शिकवताना गाडी अडली, की त्याच्याकडे बघून बोलायचं.