इंग्रजी नामांचे प्रकार ओळखताना या चुका टाळा

सामान्यनाम, विशेषनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक असे इंग्रजी नामाचे पाच प्रकार परंपरेने शिकवले जातात आणि त्यांच्या व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असतात. तरीही वाक्य लिहायला घेतले की चुका होतात, कारण शब्दाचा प्रकार आपण त्याच्या मराठी अर्थावरून ठरवतो आणि तो शब्द इंग्रजी वाक्यात कसा चालतो हे पाहायचे राहून जाते.

'हेअर' हा शब्द पाहा. मराठीत डोक्यावरचे केस अनेकवचनातच बोलले जातात: केस गळतात, केस पिकतात. म्हणून 'माय हेअर्स आर लाँग' असे वाक्य सहज लिहिले जाते. इंग्रजीत मात्र डोक्यावरचे सगळे केस मिळून न मोजता येणारे एक नाम होते, त्यामुळे 'माय हेअर इज लाँग' हेच बरोबर आहे. कपड्यावर चिकटलेला एकच केस दाखवायचा असेल तर 'अ हेअर' म्हणता येते आणि असे दोन असतील तर 'टू हेअर्स'. बातमी आणि सल्ला यांचेही असेच होते. आपण दोन बातम्या ऐकतो आणि तीन सल्ले देतो, पण 'न्यूज' आणि 'अ‍ॅडव्हाइस' इंग्रजीत मोजता येत नाहीत. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' दिसत असला तरी त्याचे क्रियापद एकवचनीच राहते. 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'होमवर्क्स' ही रूपे याच गोंधळातून येतात. मोजण्याची गरजच पडली तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' अशी रचना करावी. कात्री आणि चष्मा यांच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे: मराठीत त्या एकवचनी आहेत, पण 'सिझर्स' आणि 'ग्लासेस' अनेकवचनी क्रियापद घेतात.

दुसरी चूक माझ्या मते अधिक नुकसान करते, ती म्हणजे शब्दांच्या याद्या पाठ करून प्रत्येक शब्दावर एकेका प्रकाराचा कायमचा शिक्का मारणे. 'ग्लास' म्हणजे काच असेल तेव्हा ते पदार्थवाचक नाम असते, 'अ ग्लास' म्हटले की तो पेला होतो आणि ते सामान्यनाम ठरते. 'आयर्न' लोखंडही असते आणि 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्रीही. मराठीत 'तो अगदी कुंभकर्ण आहे' म्हणताना आपण विशेषनाम सामान्यनामासारखे वापरतोच, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

याला जोडूनच एक गैरसमज येतो. जे मोजता येत नाही ते पदार्थवाचक, असे अनेक जण धरून चालतात. 'वुड' पदार्थवाचक आहे, परंतु 'फर्निचर' हा कोणताही पदार्थ नव्हे, तरीही ते मोजता येत नाही. 'ऑनेस्टी' भाववाचक आहे आणि तीही मोजता येत नाही. मोजता येणे किंवा न येणे ही वर्गवारी वेगळी आहे, ती पाच प्रकारांत मिसळू नये.

समूहवाचक नामांपैकी 'टीम'सारख्या शब्दांना अमेरिकी इंग्रजीत बहुधा एकवचनी क्रियापद लागते, तर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. 'पोलीस' मात्र अनेकवचनीच असते, म्हणून 'द पोलीस इज' लिहू नये.

विशेषनामांत घोटाळा होतो तो अक्षरांचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ती सवय आपल्या हाताला नसते. वार, महिने आणि भाषा यांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात, ऋतूंची नावे एरवी लहान अक्षराने. नद्या आणि पर्वतरांगा यांच्या नावांआधी 'द' येतो, जसे 'द नाईल' आणि 'द आल्प्स', पण एकट्या शिखराआधी तो सहसा येत नाही. 'माउंट एव्हरेस्ट' एवढेच लिहावे.

शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा बहुतेक कोशांत मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न येणाऱ्यापुढे 'यू' हे अक्षर दिलेले असते. 'एक्स्पिरिअन्स'पुढे दोन्ही अक्षरे आढळतात: कामाचा एकूण अनुभव 'यू', आणि एखाद्या दिवशी आलेला एक अनुभव 'सी'. अशा वेळी प्रत्येक अर्थाखाली दिलेले उदाहरणवाक्य वाचून आपल्या वाक्याशी ताडून पाहावे.