रिसीव्हर जास्त पैसे मागतोय, त्याला ठेवावं का? हे ठरवताना या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात रोज संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सरावाचे व्हिडिओ लागायचे. बाकीचे खेळाडू हेल्मेट घालून घामाघूम झालेले आणि त्यांचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पुढे पळणारा, ब्रँडन आयुक कडेला साध्या कपड्यांत नुसता उभा. बाबा तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, अमेरिकन फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. त्यांनी विचारलं, "हा का खेळत नाही रे?"

"पगार वाढवून मागतोय, बाबा. वर्षाला तीन कोटी डॉलर."

"बरं. आणि त्यातले हमीचे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं हा खेळ बघतोय, मित्रांशी या विषयावर घसा बसेपर्यंत भांडलोय, पण हा साधा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. त्यानंतर मी हे करार नीट वाचायला लागलो. आपल्या मराठी फॅन मंडळींच्या गप्पांत ज्या चुका वारंवार होतात, त्या इथे लिहितो. बहुतेक सगळ्या मी स्वतः केल्या आहेत.

बातमीतला आकडा खरा धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. आपल्याला सवय आयपीएलची. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं, की १२० कोटींच्या थैलीतून २७ कोटी वजा. हिशेब सरळ. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, करार चार-पाच वर्षांचा होतो, पण हमी त्यातल्या ठरावीक रकमेचीच असते. उरलेले पैसे "तू संघात राहिलास तर".

टायरीक हिलचं उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये चीफ्सने त्याला मायामी डॉल्फिन्सला दिलं आणि त्यांनी चार वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला ३ कोटी, सगळ्या रिसीव्हरांत वर, अशी बातमी झळकली. प्रत्यक्षात त्यातले साडेचार कोटी एकट्या शेवटच्या वर्षात, म्हणजे २०२६ मध्ये ठेवले होते. तो पगार त्याच रूपात कधी द्यावा लागेल असं दोन्ही बाजूंना वाटत नव्हतं, आणि २०२४ मध्ये तो करार नव्याने लिहिलाही गेला. ते फुगवलेलं वर्ष बाजूला काढलं तर उरतात तीन वर्षांचे साडेसात कोटी, म्हणजे वर्षाला अडीच. दावांते अ‍ॅडम्सच्या रेडर्सशी झालेल्या १४ कोटींच्या करारातही हीच गंमत होती. शेवटची दोन वर्षं फुगवलेली आणि पहिल्या तीन वर्षांचे मिळून पावणेसात कोटी.

म्हणून कुठलाही करार जाहीर झाला की मी तीन गोष्टी शोधतो. सही करताक्षणी पक्के किती झाले? संघाला कोणत्या वर्षी फारसं नुकसान न होता बाहेर पडता येतं? आणि त्या वर्षी बाहेर पडला तर मागे किती रक्कम चिकटून राहते? आयुकने अखेर ऑगस्ट संपताना सही केली, चार वर्षांचे १२ कोटी, त्यात हमीचे ७ कोटी ६० लाख. बाबांनी वीजबिलाच्या पाकिटामागे हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले, खालच्याला दोनदा गोल केला आणि म्हणाले, "हा पगार. वरचा आकडा पेपरवाल्यांसाठी."

हमीलाही अटी असतात, हे पुढे कळलं. सात सामने खेळून २० ऑक्टोबरला चीफ्सविरुद्ध आयुकचा गुडघा गेला आणि २०२५ मध्ये तो मैदानात उतरलाच नाही. मग त्याच्या २०२६ च्या पगाराची हमी संघाने रद्द केल्याची बातमी आली. कागदावर "पक्के" लिहिलेलेसुद्धा खेळाडू करारातल्या जबाबदाऱ्या पाळतो तोवरच पक्के.

"नाही पटलं तर विकून टाकू"

विकल्याने बिल संपत नाही. सही करताना बोनस रोख मिळतो, पण संघाच्या कॅपमध्ये (वर्षभरात पगारांवर खर्च करता येणाऱ्या रकमेच्या मर्यादेत) तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून धरतात. खेळाडू मध्येच गेला की उरलेले हप्ते अंगावर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये बफेलो बिल्सनी रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टन टेक्सन्सला दिलं, तेव्हा त्यांच्या कॅपवर ३ कोटी १० लाख डॉलर बसले. डिग्ज टेक्सन्सकडून खेळत होता आणि त्याच्या नावाचा हप्ता बफेलो भरत होतं. तरी बिल्सनी त्या हंगामात १३ सामने जिंकले आणि त्यांचा जॉश अ‍ॅलन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. डेड मनीचा फार बाऊ करू नये हेही त्यातून दिसतं. पण तो आहे हे विसरून "उद्याच विका" म्हणू नये.

डॉलर मोजणं, वाटा न मोजणं

"रिसीव्हरला ३ कोटी ४० लाख? डोकं फिरलंय!" असं डॅलसच्या सीडी लॅम्बच्या कराराच्या वेळी आमच्या डॅलसच्या मित्राने फोनवर ओरडून सांगितलं होतं. पण २०२४ मध्ये प्रत्येक संघाची कॅप होती २५ कोटी ५४ लाख. तिच्यात लॅम्बचा सरासरी वाटा येतो १३.३ टक्के. आता मागे जा. २०१२ मध्ये डेट्रॉइटने कॅल्विन जॉन्सनला वाढीव करार दिला, वर्षाला सरासरी १ कोटी ६२ लाखांचा. तेव्हाची कॅप १२ कोटी ६ लाख. वाटा १३.४ टक्के. बारा वर्षांत रक्कम दुपटीहून वाढली, वाटा होता तिथेच.

कॅप २०२१ मध्ये कोविडमुळे १८ कोटी २५ लाखांवर घसरली होती, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख झाली. डॉलरचा आकडा बघून छाती दडपली की त्या वर्षीच्या कॅपने भागून बघा. अर्धे वाद तिथेच मिटतात. उरलेले अर्धे खरे असतात: जमार चेसचे ४ कोटी २ लाख ५० हजार हे २०२५ च्या कॅपच्या १४.४ टक्के होतात, आणि ते भरपूर आहेत की नाहीत यावर खुशाल भांडावं.

"थोडं ताणू, तो नरमेल"

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती फॅनच नाही तर संघही करतात, आणि आमचा फोर्टी नाइनर्स तर पुनःपुन्हा करतो. २०२२ च्या उन्हाळ्यात डीबो सॅम्युअल, सही ३१ जुलैला. २०२३ मध्ये निक बोसा, तो रिसीव्हर नव्हे पण गोष्ट तीच, सही संघाच्या पहिल्या सामन्याला चार दिवस असताना. २०२४ मध्ये आयुक. लागोपाठ तीन उन्हाळे, तीन भांडणं, आणि शेवटी तिघांनाही पैसे दिलेच.

थांबण्यात तोटा काय, ते २०२४ च्या वसंतात बघा. एप्रिलच्या मध्यावर फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी डेव्हॉन्टा स्मिथला वर्षाला अडीच कोटींवर बांधून घेतलं, त्याच्या जुन्या कराराची मुदत उरलेली असताना. आठवड्याभराने डेट्रॉइटने अमॉन-रा सेंट ब्राउनला ३ कोटी दिले. लगेच ईगल्सनी ए. जे. ब्राउनला ३ कोटी २० लाख. ३ जूनला मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला ३ कोटी ५० लाख, हमी ११ कोटींची. दीड-दोन महिन्यांत बाजार एवढा वर गेला. डॅलस ऑगस्टअखेरपर्यंत थांबलं आणि लॅम्बला ३ कोटी ४० लाख द्यावे लागले. सिनसिनाटीने चेसबरोबर २०२४ च्या हंगामाआधी जमवलं नाही. त्याने त्या हंगामात झेल, यार्ड (झेलून मिळवलेलं अंतर) आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) या तिन्हींत पहिला नंबर काढला, आणि मार्च २०२५ मध्ये बिल आलं ४ कोटींच्या वर.

खेळाडू चांगला आहे, तरुण आहे, ठेवायचाच आहे हे ठरलं असेल, तर तो आज सगळ्यात स्वस्त आहे. सोन्याचा भाव चढत असताना लग्न तोंडावर येईपर्यंत कोणी खरेदी थांबवतं का? ईगल्सनी दोघांचेही करार एप्रिलमध्येच उरकले आणि पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला. जिंकण्याची कारणं अनेक, पण ऑगस्टमध्ये त्यांच्या मैदानाच्या कडेला कोणी साध्या कपड्यांत उभं नव्हतं.

आयुकच्या दुखापतीचा आणि बुडालेल्या सरावाचा थेट संबंध मी जोडणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण आदल्या हंगामात १,३४२ यार्ड काढणाऱ्या खेळाडूने त्या सात सामन्यांत ३७४ यार्ड काढले आणि एकही टचडाउन केला नाही, हे समोर आहे.

एकट्या रिसीव्हरकडे बघणं

ठेवावं की सोडावं याचं उत्तर निम्मं तरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पगारात असतं. २८ एप्रिल २०२२, ड्राफ्टची, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायची रात्र. टेनेसीने ए. जे. ब्राउन फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात १८ वा आणि १०१ वा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवड करायची पाळी. टेनेसीच्या कॅपवर क्वार्टरबॅक रायन टॅनहिलचे ३ कोटी ८६ लाख बसलेले. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स तेव्हा अजून नवख्याच्या करारावर, म्हणजे जवळपास फुकट. तोच रिसीव्हर एकाला जड आणि दुसऱ्याला सहज परवडणारा. त्यांनी ब्राउनला चार वर्षांचे १० कोटी दिले.

टेनेसीने १८ व्या पिकवर ट्रेलन बर्क्स घेतला. तोही धिप्पाड, तोही तसाच रिसीव्हर, म्हणजे माणसाच्या जागी माणूस. पहिल्या हंगामात बर्क्सचे ४४४ यार्ड झाले, ब्राउनचे १,४९६. डिसेंबरमध्ये टेनेसी फिलाडेल्फियात ३५-१० असं हरलं, ब्राउनने दोन टचडाउन केले, आणि दोन दिवसांत टेनेसीचे जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन यांची नोकरी गेली.

याच्या उलट चीफ्स. हिल गेल्यावर त्यांनी दुसरा हिल शोधलाच नाही. मिळालेल्या पिकांचा वापर करून वर सरकले आणि ट्रेंट मॅकडफी हा बचावातला कॉर्नरबॅक घेतला, चेंडू चार-पाच जणांत वाटला आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. पण "बघा, चीफ्सनी सोडला ना!" हे वाक्य ऐकलं की मी लगेच अडवतो. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक महोम्स होता, झेल घेणारा केल्सी होता, प्रशिक्षक अँडी रीड होते. यातलं तुमच्या संघाकडे काय आहे ते आधी सांगा.

पिक म्हणजे खेळाडू नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. २०२० मध्ये डिग्जच्या बदल्यात मिळालेल्या २२ व्या पिकवर मिनेसोटाला जेफरसन मिळाला. टेनेसीला १८ व्यावर बर्क्स मिळाला. व्यवहार त्याच जातीचा, नशीब वेगळं.

मागच्या हंगामाचं बक्षीस देणं

करार पुढच्या वर्षांचा असतो. कूपर कपने २०२१ मध्ये १,९४७ यार्ड काढले, रॅम्सनी २०२२ च्या जूनमध्ये तीन वर्षांचे ८ कोटी वाढवून दिले, आणि त्याच हंगामात घोटा गेला. मार्च २०२५ मध्ये त्याला सोडून दिलं. न्यू ऑर्लिन्सच्या मायकेल थॉमसने तर १० कोटींचा करार झाल्याच वर्षी १४९ झेल घेऊन विक्रम केला, तेव्हा कोणी नाव ठेवलं नसतं. पुढच्या चार हंगामांत तो सगळे मिळून २० सामने खेळला. वय आणि पायांचा इतिहास यार्डांच्या आधी बघा.

"लोभी आहे लेकाचा"

हे कृपा करून म्हणू नका. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या नवख्याचा करार चार वर्षांचा, पगार ठरलेला, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यानंतरही संघ फ्रँचायझी टॅग लावून आणखी एक वर्ष अडवू शकतो, टी हिगिन्सला २०२४ मध्ये तसंच अडवलं होतं. म्हणजे शरीर सगळ्यात धडधाकट असतानाची पाच-सहा वर्षं खुल्या बाजारात भाव करायची सोयच नाही. सरावाला गैरहजर राहिला तर दिवसाला ४०-५० हजार डॉलर दंड. म्हणून खेळाडू हजेरी लावतो आणि सराव करत नाही, याला होल्ड-इन म्हणतात. कडेला उभा राहिलेला आयुक आळशी नव्हता. गुडघा जायच्या आत हमी मिळवायची एवढीच त्याची धडपड होती, आणि ऑक्टोबरमध्ये तो बरोबर होता हे सगळ्यांना कळलं.

मग आयुकला ठेवायला हवं होतं का?

मला अजून विचारतात. त्या उन्हाळ्यात आमचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याचा पगार १० लाख डॉलरच्याही आत होता. ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला होता आणि त्याला अजून खरे पैसे द्यायचे होते. महागडा रिसीव्हर परवडण्याची ती शेवटची एक-दोन वर्षं होती. मे २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी मिळाले. त्याआधीच मार्चमध्ये सॅम्युअलला पाचव्या फेरीच्या एका पिकवर वॉशिंग्टनला देऊन टाकलं होतं.

म्हणून माझं उत्तर: हो, ठेवायला हवं होतं, पण मार्च-एप्रिलमध्ये, स्मिथची सही व्हायच्या आधी. आणि रिकी पिअरसॉलला त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलंच होतं, तर सॅम्युअलसाठी त्याच रात्री गिऱ्हाईक शोधायला हवं होतं, पाचव्या फेरीपेक्षा बरा भाव नक्की आला असता. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पाकिटावरचा खालचा आकडा पूर्ण मिळाला का त्या पोराला?"