हापूसच्या बागेत फवारणीआधीची मोजणी

पालवी जून होऊन बोंगे, म्हणजे मोहोराचे फुगलेले डोळे, फुटू लागले की कोकणातील बागायतदार फवारणीच्या तयारीला लागतो. मात्र पंप सुरू करण्यापूर्वी पालवी-मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे खरोखर किती आहेत हे मोजले, तर उंच कलमांवरची एखादी खर्चिक फवारणी वाचू शकते. त्यासाठी बागेच्या कडेची, मधली आणि दाट सावलीतली अशी आठ-दहा कलमे खूण करून ठेवावीत आणि पालवी फुटल्यापासून दर आठवड्याला, शक्यतो सकाळी, त्याच कलमांची पाहणी करावी.

प्रत्येक कलमाच्या चारही बाजूंचा एकेक शेंडा किंवा मोहोराचा तुरा निरखावा. फांदीला धक्का लागला की प्रौढ तुडतुडे उडतात आणि मोजणी फसते. पिल्ले उडत नाहीत. ती तिरकी सरकत देठाआड लपतात, म्हणून तुरा हळूच फिरवून पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. पानांवर तुडतुड्यांनी सोडलेला गोड चिकटा चमकत असेल, तर वरच्या फांद्यांवर संख्या आधीच वाढली आहे असे समजावे. तुऱ्यामागे सरासरी पाच-दहा तुडतुडे दिसू लागले की फवारणीचा निर्णय घ्यावा. त्याहून कमी असतील आणि हवा ढगाळ असेल, तर आठवडाभर न थांबता तीन-चार दिवसांत पुन्हा मोजावे. फुलकिड्यांसाठी तुरा पांढऱ्या कागदावर झटकावा, म्हणजे बारीक, पिवळसर किडे सरपटताना दिसतात.

मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळावी, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी येतात. बागांमध्ये सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम बहुधा हाच असावा. तारीख, मोहोराची अवस्था, आकडा आणि वापरलेले औषध वहीत लिहिले, तर एकाच गटातील कीटकनाशक लागोपाठ वापरले जात नाही.

फळमाशीची गोष्ट वेगळी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेले रक्षक सापळे हेक्टरी चार या प्रमाणात लावावेत आणि अडकलेल्या माश्या दर आठवड्याला मोजून काढून टाकाव्यात. त्यातील मिथाइल युजेनॉल या गंधाच्या आमिषाकडे फक्त नर येतात. सालीखाली अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. त्यामुळे सापळ्यातील संख्या वाढत असेल, तर गळलेली फळे कापून अळ्या पाहाव्यात आणि जमिनीत कोष तयार होण्याआधी ती फळे रोजच्या रोज गोळा करून नष्ट करावीत.