लस घ्यायची तारीख ठरवताना: झोप, ताण आणि सुईची भीती

एकाच दिवशी, एकाच कंपनीची, तेवढीच लस घेतली तरी दोन माणसांच्या अंगात अँटीबॉडी (जंतूंशी लढणारी प्रथिनं) सारख्या तयार होत नाहीत. वय, लठ्ठपणा आणि सिगारेट ही त्याची कारणं बहुतेकांना ठाऊक असतात. ताण, जागरण आणि एकटेपणा यांचाही त्यात वाटा आहे. हा वाटा छोटा आहे, पण खरा आहे. 2009 साली फ्लूच्या लसीवरचे 13 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ताण जास्त तिथे अँटीबॉडी थोड्या कमी असंच दिसलं.

पण म्हणून ताण आहे या कारणाने लस पुढे ढकलायची नाही. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. त्या वेळी झोप झाली की नाही हा प्रश्नच येत नाही. गंजलेल्या पत्र्याने कापल्यावरची धनुर्वाताची सुई आणि बाळाच्या वेळापत्रकातल्या लसीही अशाच वेळेवरच घ्यायच्या. खालच्या सूचना फ्लू, न्यूमोनिया, हेपटायटिस बी अशा लसींसाठी आहेत, ज्यांची तारीख आपल्याला निवडता येते.

तारीख आणि झोप

आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पण हेच दिवस लग्नांचे आणि जत्रांचे. कॅलेंडर पुढ्यात घेऊन असा दिवस शोधा, ज्याच्या आदल्या दोन रात्री आणि नंतरची एक रात्र मोकळी असेल. तिन्ही रात्री किमान सात तास झोप मिळायला हवी.

नंतरच्या रात्रीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जर्मनीत 2003 साली हेपटायटिस ए ची लस दिल्यावर काही जणांना ती रात्र जागवलं. चार आठवड्यांनी, झोपलेल्यांच्या अँटीबॉडी जागलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होत्या. गाढ झोपेच्या पहिल्या काही तासांत कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन खाली असतं आणि ग्रोथ हार्मोन वर. काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये लसीची ओळख पटवण्याचं काम याच वेळी नीट चालतं. आधीच्या जागरणाचाही परिणाम होतो. 2002 साली अमेरिकेत रोज चारच तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये फ्लूच्या लसीनंतर दहाव्या दिवशी अँटीबॉडी निम्म्याहून कमी होत्या. मात्र तीन-चार आठवड्यांनी हा फरक उरला नाही. तेव्हा एखादं जागरण झालंच तर लस वाया गेली असं मानू नका.

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोवर, वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करणाऱ्यांनी ड्युटी सुटल्यावर तसंच थेट सुई घ्यायला जाऊ नये. दिवसपाळीच्या आठवड्यात जावं. पाळी बदलतच नसेल तर आठवड्याच्या सुट्टीच्या सकाळी जावं आणि पुढची रात्रही रजेची मागून घ्यावी. मालकाने ती द्यावी, हे मागणं अवास्तव नाही.

सकाळची वेळ 65 वर्षांवरच्यांसाठी सोयीने निवडावी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या 2016 च्या चाचणीत सकाळी 9 ते 11 मध्ये फ्लूची लस घेतलेल्या वृद्धांना दुपारी घेणाऱ्यांपेक्षा तीनपैकी दोन विषाणूंविरुद्ध जास्त अँटीबॉडी मिळाल्या. बाकीच्यांनी यासाठी पगार कापून घेऊ नये.

सेवा करणारी माणसं

मुलं आखातात किंवा जहाजावर आणि घरी म्हातारा नवरा-बायको, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं, अशी घरं गोव्यात गावोगाव आहेत. 1996 साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांना फ्लूची लस दिली. अँटीबॉडी चौपट वाढल्या त्या त्यांच्यातल्या 38 टक्क्यांमध्येच. सेवेचा भार नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण 66 टक्के होतं. अशी सेवा करणाऱ्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं निरर्थक आहे. लसीच्या आसपासच्या दोन रात्री शेजारच्या कुणी किंवा नणदेने आजारी माणसाजवळ झोपावं आणि केंद्रावर तिच्या सोबतही कुणीतरी जावं.

सुई टोचताना

सकाळी पेज किंवा भाजी-पाव खाऊन, दोन पेले पाणी पिऊन जा. उपाशीपोटी जाऊन, उकाड्यात रांगेत उभं राहिलं की चक्कर ठरलेलीच. आधी कधी चक्कर आली असेल तर नर्सला सुरुवातीलाच सांगा आणि आडवं पडून सुई घ्या.

चक्कर येण्याआधी जांभया येतात, वरच्या ओठावर घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. तेव्हा मांड्या, पोट आणि सुई न घेतलेला हात 10 ते 15 सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर गरमपणा जाणवला की 20-30 सेकंद सैल सोडा, असं पाच वेळा करा. रक्तदाब वर येतो. दीर्घ श्वास घेत बसण्यापेक्षा चक्करेवर हा उपाय चांगला. सुईचा हात मात्र सैलच ठेवा, आवळलेल्या दंडात जास्त दुखतं. सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. लगेच स्कूटरला किक मारू नका.

शाळेत 10 आणि 16 वर्षांच्या मुलांना टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देताना एक मूल कोसळलं की पाठोपाठ चार कोसळतात. ते नाटक करत नसतात, भीती खरंच शरीरात उतरते. सुईचं टेबल रांगेला दिसणार नाही अशा खोलीत लावा, मुलांना थोडी थोडी करून बोलवा, पंख्याखाली चटई अंथरून ठेवा. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. एकदा फसलेलं मूल पुढच्या सुईला जास्त घाबरतं.

नंतरचे दोन दिवस

दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप हे अपेक्षितच आहे. कोविड लसींच्या चाचण्यांत नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकीही साधारण 35 टक्क्यांनी पहिल्या डोसनंतर थकवा, डोकेदुखी अशा तक्रारी सांगितल्या. म्हणजे अशा काही तक्रारी लसीच्या नसून धास्तीच्याही असतात. म्हणून आदल्या रात्री व्हॉट्सॲपवरचे भयंकर मेसेज वाचत बसू नका. पण श्वास लागणं, अंगभर गांध्या उठणं, चेहरा सुजणं हे भीतीचं म्हणून सोडून देऊ नका, तडक इस्पितळात जा. ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल घेऊन ठेवू नका. आला तर जरूर घ्या. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः स्टेरॉईड, मनाने बंद करू नका.

लस लागली की नाही हे बहुतेक लसींबाबत तपासत नाहीत. हेपटायटिस बी हा अपवाद आहे. नर्स, लॅबमधली माणसं, इस्पितळातले सफाई कामगार यांनी 0, 1 आणि 6 महिन्यांचे तिन्ही डोस दंडातच घ्यावेत, कुल्ल्यात नको, तिथे ही लस कमी लागते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे हेपटायटिस बी विरुद्धच्या अँटीबॉडी मोजणारी रक्ततपासणी करावी. आकडा 10 च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारून तिन्ही डोस पुन्हा घ्यावेत आणि परत तपासावं.