डासाचा दुसरा चावा कसा अडवायचा

घरात एकाला हिवताप आला की आपण बाकीच्यांना मच्छरदाणीत झोपवतो आणि आजाऱ्याला खिडकीपाशी, वारा लागावा म्हणून, उघडाच ठेवतो. नेमके उलटे करायला हवे.

आजाऱ्याला चावलेली डासाची मादी लगेच आजार पसरवू शकत नाही. तिच्या पोटात गेलेले जंतू लाळेपर्यंत पोहोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली आणि मग पुन्हा माणसालाच चावली, तरच हिवताप पुढे सरकतो. म्हणजे चावे दोन, आणि दोन्ही माणसाचे. म्हणूनच गावातले चावे निम्मे झाले तर फैलाव निम्म्यावर थांबत नाही, दोन्ही चावे निम्मे झाल्याने निम्म्याचा निम्मा, म्हणजे पावावर येऊ शकतो. डासाच्या पोटातले हे जंतू १८९७ साली सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना दिसले. फैलावाचे गणित मांडायला सुरुवातही त्यांनीच केली.

१. पहिली मच्छरदाणी तापाच्या माणसाला द्या. ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका. ताप उतरला तरी रक्तात जंतू उरलेले असू शकतात, आणि पहिला चावा तिथेच भरतो.

२. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. औषध लावलेली असेल तर ती सावलीत वाळवा, कडक उन्हात औषधाचा जोर कमी होतो. फाटली तर त्याच दिवशी शिवा.

३. जागलीला जाताना मच्छरदाणी सोबत न्या. रानडुकरांपासून पीक राखायला माणूस रात्रभर माळ्यावर असतो. घरी सगळे जाळीत आणि कर्ता माणूस रानात उघडा, असे आपल्याकडे सर्रास होते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. माळ्याच्या चार खांबांना मच्छरदाणी सहज बांधता येते. राखण करताना जागे असाल तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पाय झाका.

४. बाज गोठ्यापासून लांब टाका. आपल्या खेड्यांत हिवताप पसरवणारी अॅनाफिलीस डासाची मुख्य जात माणसापेक्षा गुराढोरांना जास्त चावते. बैलाला घेतलेला चावा हिवतापासाठी वाया जातो, पण बैलाशेजारी झोपलेला माणूस तिला आयताच सापडतो. दिवसा ती गोठ्याच्या अंधाऱ्या भिंतीवर बसते, म्हणून फवारणीवाले आले की घराबरोबर गोठाही फवारून घ्या. भिंत पोतारायची असेल तर फवारणीच्या आधी पोतारा. नंतर पोतारली तर औषध मातीखाली जाते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र माणसालाच पसंत करणारी दुसरी जातही आहे, तिथे गुरांच्या भरवशावर राहू नका.

५. डेंग्यूसाठी वेळ बदला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि एका भुकेत दोन-चार जणांना टोचतो, म्हणून एकाच घरात एकापाठोपाठ माणसे आडवी पडतात. डेंग्यूच्या रुग्णाला तापाचे दिवस भरदुपारीही मच्छरदाणीतच ठेवा. उन्हाळा सरला की कूलर रिकामा करा आणि टाकी आतून काथ्याने खरवडा. अंडी कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहतात, पुन्हा पाणी लागले की फुटतात. रांजण आणि गुरांच्या टाक्याचेही तेच, आठवड्यातून एकदा.