विंडोज ११ टाकू का नको? आधी टेबलाखाली वाकून बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतोच, "अरे ते अपडेट कर म्हणतंय, करू का?" मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या जॉबवर्कच्या कंपनीत अकाउंट्स बघतो, कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नाही, पण ऑफिसातले पाच पीसी माझ्याच गळ्यात आहेत म्हणून नातेवाईकांत मीच इंजिनियर. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे कुठलं अपडेट आलंय ते नीट वाचा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (आपल्याकडे रात्री उशिरा) सिक्युरिटीचं छोटं अपडेट येतं, ते घ्यायचंच, फार तर दोन-चार दिवस थांबून घ्या. डोकं लावायचं ते मोठ्यासाठी, म्हणजे १० वरून ११, किंवा ११ मधल्या मध्ये एका व्हर्जनवरून पुढच्या व्हर्जनवर, २३एच२ वरून २४एच२ वगैरे. आपलं कुठलं आहे ते सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट मध्ये दिसतं. तिथेच ३२-बिट का ६४-बिट तेही बघून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मशीन चालेल का. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते चालवलं की सांगतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा हे कागदावरचं झालं, खरं तर ८ जीबी आणि एसएसडी (वेगवान डिस्क) नसेल तर नादी लागू नका, उघडायला लागेपर्यंत चहा पिऊन होतो. इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. गंमत म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलवर त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीवर एफटीपीएम, ते चालू केलं की "चालणार नाही" म्हणणारं अ‍ॅप "चालेल" म्हणतं. पण बायोसमध्ये हात घालायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर नंतर ते मागू शकतं ती ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवलीत तर किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून असं होईल.

इथपर्यंत सगळे करतात. पुढचं कोणी करत नाही, ते म्हणजे टेबलाखाली वाकून बघणं. पीसीला काय काय वायरी लागल्यात त्याची एक यादी करा. प्रिंटर, स्कॅनर, बारकोडवालं, सॉफ्टवेअरचा डोंगल (लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती यूएसबी कांडी), डिजिटल सहीचं टोकन. विंडोज नवीन झालं तरी या सगळ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, जुनेच असतात, आणि अडतं ते इथेच. प्रत्येकाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन ११ साठीचा ड्रायव्हर आहे का बघायचा आणि आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. नसेल तर तिथेच थांबा, मशीन कितीही नवं असू दे.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, आपटून सांगतोय. मागे एकदा १८ तारखेला संध्याकाळी मी बटण दाबलं. जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं, आमची प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे डिजिटल सहीशिवाय रिटर्न जात नाही. अपडेट छान झालं, सगळं चकाचक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोकन लावलं तर त्याचा लाल दिवा लागतोय पण पोर्टलला सर्टिफिकेटच दिसत नाही. ड्रायव्हर काढा, परत टाका, सही करायचं सॉफ्टवेअर परत टाका, असं करत दुपारचे तीन वाजले, साहेब दर अर्ध्या तासाने दारात येऊन काही न बोलता उभे राहत होते. गेलं रिटर्न शेवटी, पण तेव्हापासून माझा नियम असा की १० ते २० तारीख या काळात मशीनला हात लावायचा नाही. अपडेट मागेच लागलं तर विंडोज अपडेट मध्ये पॉजचा पर्याय आहे, पाच आठवड्यांपर्यंत गप्प बसवता येतं.

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात आणि सगळेच हो म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं १८०९ नावाचं मोठं अपडेट आलं तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडाल्या होत्या, मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये परत सोडावं लागलं. तेव्हा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, दोन-तीन फायली उघडून बघा, आणि मग ती डिस्क काढून ठेवा.

रात्री लावून झोपू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अर्ध्यात बंद पडलेलं मशीन सकाळी तोंड दाखवेलच असं नाही. सुट्टीचा दिवस, सकाळी, समोर बसून. झाल्यावर लगेच टोकन लावून बघा, एक प्रिंट काढा, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडा. काही बिनसलं तर सेटिंग्ज मध्ये रिकव्हरी मध्ये मागे जायचं बटण असतं, पण ते १० दिवसच, आणि तेवढ्यात "जागा खूप खातंय" म्हणून विंडोज.ओल्ड फोल्डर (जुनं विंडोज त्यातच असतं) उडवलंत तर तेही गेलं.

ज्यांचं मशीन ११ च्या अटींत बसतच नाही त्यांनी लगेच नवीन घ्यायला धावू नका. घरच्या पीसीला मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट ठेवलीत, सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात चालू केला तर पैसेही पडत नाहीत. जुगाड करून ११ चढवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण तशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, ऑफिसला तर नकोच.

आणि एक केस अशी की जिथे उत्तर सरळसरळ "नको" हेच आहे. पंचवटीत आमच्या काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, उधारीचं सगळं खातं फॉक्सप्रोच्या (जुनं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) डॉसवाल्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, प्रोग्रॅममध्ये, कोणा पोराने फार पूर्वी बनवून दिलेला, निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं, खालून डॉट मॅट्रिक्स करकर करत बिल काढतो. तो असला १६-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवरच थेट चालतो आणि ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही. म्हटलं, "काका, तुम्ही हे मशीन असंच ठेवा, फक्त नेटची वायर काढा, रोज रात्री खातं पेनड्राइव्हवर घ्या, आणि बँकेचं, मेलचं काम दुसऱ्या लॅपटॉपवर करा." त्यांनी तिथल्या तिथे वायर उपटली, गुंडाळून खिळ्यांच्या पेटीत टाकली आणि म्हणाले, "ते सारखं अपडेट अपडेट म्हणणंपण आता बंद होईल ना? मग बस, चहा घे."